बदलास परवानगी नाकारली

“मॅडम, आज विचारलंच न्हाई.”

मगदूम भाऊसाहेब माझ्या वर्गाच्या दारात उभे होते. नववीचा तास चालू होता, फळ्यावर समीकरण अर्धवट राहिलेलं. आणि कुरणवाडी हायस्कूलचे हेडक्लार्क, जे ऑफिसची खुर्ची सोडून कधी व्हरांड्यातसुद्धा येत नसत, ते टोपी हातात घेऊन उभे.

“काय विचारलं नाही, भाऊसाहेब?”

“संगणकानं.” त्यांनी आवाज खाली आणला. “रोज सकाळी विचारतंय. आज आपलं सरळ चालूच झालं.”

“मग चांगलं झालं की! ते विचारणं मीच काल बंद केलं.”

मला वाटलं होतं, खूश होतील. निदान “हुशार हाय पोरगी” एवढं तरी म्हणतील. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“कुणाच्या परवानगीनं?”

वर्गात खसखस पिकली. मीही हसले. चौदा वर्षं झाली या गोष्टीला, पण त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

मी तेव्हा शिक्षण सेवक होते. तीन वर्षांची कच्ची नोकरी, त्यातली सव्वादोन झालेली. बीएस्सी आणि वर संगणकाचा कोर्स केलेला, त्यामुळे शाळेत जिथं जिथं वायर दिसेल तिथं कोरे मॅडमना बोलवा, असा शिरस्ता पडला होता. गॅदरिंगचा माइक मीच, हेडमास्तरांचा मोबाइल मीच. मलाही ते आवडायचं. उगाच खोटं कशाला बोलू?

ऑफिसात एकच संगणक होता. त्याला तळहाताएवढी एक काळी डबी वायरीनं जोडलेली होती, बाहेरची हार्ड डिस्क. शाळेचं जनरल रजिस्टर म्हणजे आजवर शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जात, जन्मतारीख. भाऊसाहेबांनी दोन वर्षं दोन बोटांनी टाइप करून त्यातली चार हजार नावं संगणकात घातली होती, आणि त्याची नक्कल त्या डबीत राहावी अशी योजना होती. डबीसोबत तिचा स्वतःचा एक प्रोग्राम आला होता. संगणक सुरू झाला की तो जागा व्हायचा, पडदा काळपट व्हायचा आणि मधोमध इंग्रजीत प्रश्न यायचा. भाऊसाहेब त्याचं सरकारी मराठी करून सांगायचे, “सदर प्रोग्रामला या संगणकात बदल करणेस परवानगी द्यावी किंवा कसे?”

खाली दोन बटणं. होय आणि नाही. उत्तर दिल्याशिवाय पुढं काही हलायचं नाही.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? होय दाबेल आणि कामाला लागेल. भाऊसाहेब तीन वर्षं रोज नाही दाबत होते. नुसतं दाबत नव्हते, त्याची नोंद ठेवत होते. दोनशे पानी वही होती, तिच्यावर खाकी कव्हर, आत लाल शाईनं रकाने आखलेले. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, मागणीचा तपशील, निर्णय, सही, शेरा. प्रत्येक ओळीत तेच: “बदलास परवानगी मागितली. नाकारली.” शेऱ्याचा रकाना तेवढा पहिल्या पानापासून कोरा.

मी एकदा विचारलं होतं, “भाऊसाहेब, का नाही म्हणता हो?”

“मॅडम, जनरल रजिस्टरात बदल करायचा तर शिक्षणाधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतोय. नावातला एक काना बदलायचा तरी. तिथं मी कोण हो म्हणणार?”

“अहो, ते रजिस्टराबद्दल विचारत नाही.”

“बदल म्हंजे बदल.”

सगळी शाळा यावर हसायची. भाऊसाहेब एकदा आजारी पडले, तर दिवसभर तो काळपट पडदा तसाच राहिला. होय म्हणावं तर भाऊसाहेबांची भीती, नाही म्हणावं तर नोंद कोण करणार! शेवटी शिपाईमामांनी त्यावर टेबलक्लॉथ टाकला. पण हेडमास्तर चौगुले सरांच्या सोसण्यालाही हद्द होती. शनिवारी जिल्ह्याहून तपासणी पथक यायचं होतं. कागदावरचं रजिस्टर आणि संगणकातलं रजिस्टर तंतोतंत जुळतंय का ते बघणार, आणि ती हार्ड डिस्क ताब्यात घेणार. सोमवारी सरांनी मला बोलावलं. “कोरे मॅडम, पथकापुढं ते विचारायला लागलं तर शोभा होईल. बंद करा ते.” काम दोन मिनिटांचं. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते, तिच्यातून त्या प्रोग्रामाला काढलं आणि हात झटकले.

तर मंगळवारी भाऊसाहेब दारात.

तास संपवून मी ऑफिसात गेले. ते संगणकापुढं बसून होते, वही उघडी, पेन हातात, आणि त्या दिवसाची ओळ रिकामी.

“आता काय लिहू ह्यात?” ते म्हणाले. “मागितलीच न्हाई म्हनून लिहू? का दिली म्हनून?”

“काहीच लिहू नका. वही बंद करा आता.”

“ते पयल्यासारखं विचारतं करा, मॅडम. हात जोडतो.”

खरंच हात जोडले त्यांनी. अठ्ठावन्नाला टेकलेला माणूस, महिन्या-दीड महिन्यात निवृत्त होणार, आणि एका खिडकीसाठी माझ्यापुढं हात जोडतोय. मला काही कळेना. त्यांना कुणी हसू नये म्हणून मी दार लोटलं.

“भाऊसाहेब, हेडमास्तरांनी सांगितलंय. मी परत कसं चालू करू?”

“मग आता नाही कोण म्हननार?”

मला तो प्रश्नच समजला नाही.

बुधवारी ते जेवणाचा डबा न उघडता बसलेले दिसले. कपाटातली जाड रजिस्टरं काढून टेबलावर रचली होती आणि एकेक नाव पडद्याशी ताडून बघत होते. चौगुले सर आले तर भाऊसाहेब उभे राहिले आणि स्पष्ट म्हणाले, “सर, मॅडमनी इचारनं बंद केलं. आता आत काय बदल झाला तर जबाबदार कोण?”

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “मॅडम, तुम्ही रजिस्टरच्या फाइलला हात लावला होता का?”

“नाही, सर!”

“नक्की ना? शनिवारी एक जरी नोंद चुकली ना, तर ते लिहिणार रेकॉर्डमध्ये फेरफार. मग माझ्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांना नोटिसा. तुमचं तर अजून कायमचं व्हायचंय.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. भाऊसाहेबांचा इतका राग आला की काय सांगू. या माणसाचं मी काय वाकडं केलं होतं? आणि त्या रागाच्या तळाशी एक शंकाही वळवळायला लागली. खरंच माझ्या हातून काही झालं तर नसेल?

“मी बसते उद्या तुमच्याबरोबर,” मी ठसक्यात म्हटलं. “चारच्या चार हजार ताडू. होऊन जाऊ दे.”

एप्रिल म्हणजे सकाळची शाळा. गुरुवारी साडेअकराला मुलं गेली आणि आम्ही दोघं बसलो. पत्र्याचं छप्पर तापलेलं, पंखा गरम वारा ढकलतोय. मी पडद्यावरचं वाचायचं, त्यांनी रजिस्टरावर बोट ठेवून “बरोबर” म्हणायचं. जुन्या पानांवर गंमतच होती. एक जून, एक जून, एक जून. पानभर एक जून.

“भाऊसाहेब, निम्मं गाव एकाच दिवशी जन्मलं की काय?”

“गुरुजींनी जन्माला घातलंय ते.” ते पहिल्यांदाच जरा हसले. “आईबापास्नी तारीख कुठं ठावी? सुगीत झालं, पुरात झालं, म्हशीला रेडकू झालं त्या आठवड्यात झालं, असं सांगायचे. शाळेचा पट भरायचा जूनला. मग घाला एक जून. मीबी त्यातलाच. म्हनून तर एकतीस मेला घरी जायचं.”

हळूहळू माझा राग निवळत होता. चौसष्ट सालचं पान आलं. मी वाचत होते, ते बरोबर बरोबर म्हणत होते. आणि अकराशे सदतीस नंबर संपला तसं त्यांनी रजिस्टर मिटलं.

“चहा घिऊ.”

“पान तर पुरं करू.”

“घसा सुकलाय, मॅडम. फुडचं उद्या.”

त्यांचं बोट मिटलेल्या रजिस्टरात अडकलेलंच होतं. मी पडद्याकडं वळले. अकराशे अडतीस. मगदूम गणपती ज्ञानू. जन्मतारीख, अठ्ठावीस सप्टेंबर.

मगदूम गणपती ज्ञानू म्हणजे समोर बसलेले भाऊसाहेबच. याच शाळेत शिकलेले.

मी त्यांच्या हाताखालून रजिस्टर ओढलं. त्यांनी अडवलं नाही. कागदावर निळ्या शाईत स्वच्छ लिहिलं होतं, एक जून.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो उजेड चुकीचा होता, हे मला पुढची दहा मिनिटं कळायचं नव्हतं. मला वाटलं, अरे वा! एक जूनवाला एकतीस मेला घरी जातो. सप्टेंबरवाल्याला आणखी चार महिने खुर्ची. आणि आळ कुणावर? तर प्रश्न बंद करणाऱ्या कोरे मॅडमवर!

“चोराच्या उलट्या बोंबा,” मी म्हणाले. वडिलांच्या वयाच्या माणसाला म्हणाले. “हे तुम्ही केलंय, भाऊसाहेब.”

“व्हय,” ते म्हणाले. “मीच केलंय.”

मी भांडायच्या तयारीत होते. इतक्या सरळ हो म्हटल्यावर भांडायचं कुणाशी?

“परवा केलंत? मी बंद केल्यावर?”

“न्हाई. तीन वर्सं झाली.” त्यांनी ती खाकी वही ओढून पहिलं पान उघडलं. पहिल्या नोंदीच्या तारखेवर बोट ठेवलं. “ह्याच्या आदल्या दिवशी.”

मग ते बोलले. सव्वादोन वर्षांत एकदम एवढं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

“माझी आई म्हनायची, गनप्या, तुला गुरुजीनं न्हाई, मी जन्म दिलाय. घट बसले त्या दिवशी तू झालास. घटाची माती कालवून ठेवलेली तशीच वाळली. दर वर्साला घट बसले की पयला माझ्या तोंडात गूळ घालायची, मग देवापुढं ठेवायची. मी जुनं पंचांग काढून बघितलं हुतं, त्या साली घट अठ्ठावीस सप्टेंबरला बसलेले. पन लिवलेलं कुठं न्हाई. तिच्या तोंडीच काय ती तारीख. आनी ती गेली, मॅडम. दहावं घालून मी कामावर आलो, तर टायपाला नेमकं माझंच पान.”

ते थांबले. खिशातला रुमाल काढला, पण वापरला नाही, नुसता हातात धरला.

“दुसऱ्यांच्या तारखा हजारावर लिवल्या. म्हटलं, आईचं म्हननं एकदा कुठंतरी लिवलेलं असावं. दुसरं काय मनात न्हवतं. नोकरीचं तर सेवापुस्तकावर ठरतंय, ह्याच्यावर न्हाई. त्याच दुपारी त्या दुकानवाल्यानं ही डबी आनून जोडली, आतलं सगळं तिच्यात उतरवलं आनी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं तर पयला प्रश्न हाच. बदल करनेस परवानगी द्यावी काय? माझं तर पाणी पाणी झालं. मला वाटलं, कळलं ह्याला.”

“अहो भाऊसाहेब…”

“ऐका. नाही दाबलं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. परत नाही. तारीख पुसून टाकायची तर हात उचलंना, ती आईची. आनी मंजूर तर कशी करू, मी क्लार्क हाय. मग म्हटलं, रोज नाही म्हनत ऱ्हायचं. नाही म्हनतोय तंवर बदल कच्चा. लिवलेलाबी हाय आनी झालेलाबी न्हाई. आनी परवा तुमी ते विचारनंच काढून टाकलं. आता नाही म्हनायला कुनी न्हाई, म्हंजे बदल पक्का.”

त्यांना खरं सांगावं की नाही, मला कळेना. पण शनिवार दोन दिवसांवर होता.

“भाऊसाहेब, तो प्रश्न तुमच्या तारखेचा नव्हता. कुणाच्याच तारखेचा नव्हता. या डबीचा प्रोग्राम नव्या नकला काढायची परवानगी मागत होता, एवढंच. दुकानवाल्यानं डबी जोडली म्हणून त्या दिवसापासून विचारायला लागला.”

“मग मी रोज नाही म्हनत हुतो ते?”

“त्यानं नकला थांबल्या. डबीत तीन वर्षांपूर्वीची पहिली नक्कल आहे, बाकी काही नाही.”

“आनी माझा बदल?”

“तुम्ही टाइप केला तेव्हाच झाला.”

त्यांनी वहीची पानं पहिल्यापासून चाळली. मग हळूच म्हणाले, “म्हंजे तीन वर्सं मी अठ्ठावीस सप्टेंबरचाच हुतो?”

“हो.”

“आनी मला ठावंच न्हाई.”

ते हसले, आणि हसता हसता त्यांनी तो रुमाल डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं. मघाशी आपण काय बोललो ते आठवून जास्तच आलं. “मला माफ करा,” मी म्हटलं. त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं.

मी डोळे पुसून कामाचं बोलले. “आपण पथकाला सांगू, टाइप करताना चूक झाली.”

“आईची तारीख चूक म्हनून सांगू?” त्यांचा आवाज चढला. “ते जमायचं न्हाई. सरका जरा.”

त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि दोन बोटांनी, एकेक कळ शोधत, स्वतःच्या नावापुढं एक जून टाइप केलं. मग कागदावर बोट ठेवून मोठ्यानं म्हणाले, “अकराशे अडतीस. बरोबर.” आम्ही त्या दिवशी आणि शुक्रवारी उरलेली सगळी नावं ताडली. एक चूक निघाली नाही. दोन बोटांनी केलेलं काम होतं ते.

राहिली डबी. तिच्यात जुनी नक्कल होती, आणि त्या नकलेत अठ्ठावीस सप्टेंबर. पथक डबीच नेणार होतं. नवी नक्कल उतरवली की जुनी जाणार. शुक्रवारी दुपारी मी तो प्रोग्राम हातानं सुरू केला. पडदा काळपट झाला, प्रश्न आला. मी बटणाकडं हात नेला, तर भाऊसाहेब म्हणाले, “थांबा. तो माझा टेबल हाय, ते काम माझं.”

ते पडद्याकडं बघत राहिले. जगात आता ती तारीख लिहिलेली एकच जागा उरली होती, आणि ती पुसायची परवानगी मशीन त्यांच्याकडंच मागत होतं. या वेळी प्रश्न खरोखरच त्यांचा होता. मला म्हणावंसं वाटलं, नाही म्हणा, भाऊसाहेब, राहू दे, बघू काय होईल ते. पण माझी नोकरी त्याच बटणात होती. मी गप्प राहिले. ते त्यांना कळलं असावं.

“तुमचं अजून कायमचं व्हायचंय,” ते म्हणाले आणि त्यांनी होय दाबलं.

मग वही ओढली. वेळ बघितली. लिहिलं, “बदलास परवानगी मागितली. दिली.” आणि सही केली.

शनिवारी पथक आलं, दोनशे नावं तपासली, चिवडा खाल्ला आणि डबी घेऊन गेलं. रेकॉर्ड आदर्श असल्याचा शेरा मिळाला. एकतीस मेला सुट्टी असूनही सगळा स्टाफ आला. नारळ, शाल, फोटो झाला. जाताना भाऊसाहेबांनी ती खाकी वही माझ्या हातात दिली. “तुमच्या ताब्यात. आता कोन विचारायचं न्हाई.”

पण मी विचारत राहिले. दर वर्षी अठ्ठावीस सप्टेंबरला फोन करायचे आणि म्हणायचे, “भाऊसाहेब, वाढदिवसाच्या शुभेच्छा देणेस परवानगी आहे काय?” ते ऑफिसातल्या आवाजात सांगायचे, “नाकारली.” आणि मग दोघंही हसायचो. एका वर्षी चाचणी परीक्षेच्या गडबडीत माझ्याकडून राहून गेलं. दुपारी माझाच फोन वाजला.

“मॅडम, आज विचारलंच न्हाई.”

गेल्या पावसाळ्यात भाऊसाहेब गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा चौकात फ्लेक्स लावलेला होता. गणपती ज्ञानू मगदूम, भावपूर्ण श्रद्धांजली, जन्म एक जून. मुलानं सेवेच्या कागदावरून घातलं असणार, त्याचा काय दोष? मुलाला सांगावं असं तोंडाशी आलं होतं. पण ते त्यांनी स्वतः त्याला सांगितलं नव्हतं, मग मी कोण?

घरी येऊन मी कपाटातली खाकी वही काढली. शेवटच्या नोंदीपुढचा शेऱ्याचा रकाना कोराच होता. त्यात मी अठ्ठावीस सप्टेंबर लिहिलं, पुढं घटस्थापना लिहिलं, आणि खाली माझी सही केली. परवानगी कुणाची विचारली नाही.